वामन ग्रेडर आणि नऊ गुणांचं कार्ड

अन्याय झाला तो रफिकभाई सायकलवाल्यावर. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी पावणेअकराला, राळेगावच्या एसटी स्टँडसमोर, त्यांच्याच दुकानात. तो उघडकीला आणला वामनकाकांनी. कसा? तर वस्तू गालाला लावून.

वस्तू म्हणजे क्रिकेटचं कार्ड. बबलगमच्या पुडीत खेळाडूचं चित्र निघायचं, ते. आता मोठी माणसं ती जमवतात. मुंबईची एक कंपनी असं कार्ड तपासते, दहापैकी गुण देते आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करते. रफिकभाईंचं एक लाडकं कार्ड लहानपणी हरवलं होतं. तसंच एक, नऊ गुणांचं, त्यांनी वर्षभर पोटाला चिमटा काढून मागवलं. कुरिअर आलं, अर्धा स्टँड गोळा झाला, चहा झाला. वामनकाकांनी डबी आधी गालाला लावली, मग कानाशी नेऊन हलवली.

"माल वला हाय," ते म्हणाले.

काकांचं हे नेहमीचंच. ते सरकारी कापूस खरेदी केंद्रावर, त्यांच्या भाषेत 'सेंटर'वर, ग्रेडर होते. हयातभर कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगितली, गालाला लावून आणि सरकी दाताखाली फोडून ओल ओळखली. कट् वाजली तर माल वाळलेला, नाहीतर वला. पुढे कापसाचे हाल झाले, केंद्र बंद पडलं, काका घरी बसले. त्यांची चिमूट आणि दात मात्र निवृत्त व्हायला तयार नाहीत. हॉटेलातल्या पोह्यांना ते 'फेअर' देतात. पुढाऱ्याच्या भाषणाला 'कवडी', म्हणजे किडका, पिवळा पडलेला माल. 'सुपर' मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं, तेही एका म्हशीबद्दल. आणि जिथं खोट, तिथं माल वला. पत्रकं काढणं हा माझा उद्योग; बोगस बियाण्यांविरुद्धचं पत्रक त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "दुसरा परिच्छेद वला हाय, माय. तू बोलून नाही राह्यली, रडून राह्यली." मला भयंकर राग आला. परिच्छेद मी काढून टाकला.

तर रफिकभाई म्हणाले, "काका, कंपनी का सर्टिफिकेट है. तुमी कापसातले मानूस, यात कायले बोट घालता?"

"डबीतला खाचा सगळ्या कार्डायले एकाच मापाचा असते ना? मंग हे हालून काहून राह्यलं? कोपरे झिजले असन, कोनीतरी ब्लेड मारून नवे काढले. अन् कड पाय. तोंड पिवळं, कड पांढरी. म्हाताऱ्याच्या तोंडात दुधाचे दात!"

सगळे हसले. रफिकभाई हसले नाहीत. डबी फोडली तर नऊ गुण गेले. न फोडावी तर फळीवर रोज संशय बसलेला. तीन दिवस ते पंक्चर काढताना मान वर करून डबीकडे बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी पाना घेतला आणि डबी फोडली.

काकांनी घरून तसंच कार्ड आणलं होतं, तंबाखूच्या डबीत जपून ठेवलेलं. एकावर एक ठेवलं. रफिकभाईंचं कार्ड दोन बाजूंनी आखूड. डोळ्यांनी दिसावं इतकं.

"पत्रक काढ," काका मला म्हणाले.

"काका, जिल्ह्यात कापसाची ही दशा, अन् मी चित्रांसाठी पत्रक काढू?"

"चुकीची ग्रेड देली ना त्यायनं? मंग माल कोनता हाय, हे कायले पायतं?"

मी कंपनीला पत्र लिहिलं; दोन्ही कार्डांचे पुढून-मागून फोटो रफिकभाईंनी पाठवले. महिन्याभरानं जबाब आला: डबी आपण उघडली आहे, आमच्या तज्ज्ञांचा निर्णय अंतिम आहे, आपण तुलनेला घेतलेलं कार्ड शाईने खराब झालेलं असल्याने ग्राह्य नाही, स्वच्छ नमुना असल्यास पाठवावा.

"अंतिम?" काका दुकानातच कडाडले. "म्या बी ग्रेडर होतो! म्या फेअर म्हटलं अन् कास्तकार भांडाले उठला, तं म्या फिरून गंजीत हात घातला. खालून चांगला माल निंगाला, तं सगळ्यायसमोर ग्रेड खोडली अन् सही केली. जो फिरून पायत नाही, तो ग्रेडर कायचा?"

स्टँडवरच्या एकानं तोडगा काढला. "काका, शाई काढाचं औषध भेटते यवतमाळले. पुसा अन् पाठवा. एका दिवसाचं काम."

रफिकभाईंचा चेहरा उजळला. त्यांचा सगळा न्याय त्या एका स्वच्छ कार्डावर अडला होता. मी कार्ड उलटून पाहिलं. मागं निळ्या शाईत, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'कु. मनीषा, वर्ग ४ था. कोणी घेऊ नये.'

"पोरगी माही. पुण्याले असते," काका म्हणाले. "लग्नात सासरच्यायनं शालू आनला. माहा हात गेला, माय, सवयीनं. चिमटीत धरला अन् भर मांडवात बोललो, रेशीम नोहे, माल वला हाय."

"मग?"

"मंग काय. नऊ वर्सं झाले, आली नाही." ते कार्डाकडे बघत होते. "ग्रेड बरोबर होती. सेंटर चुकलं."

रफिकभाईंनीच कार्ड माझ्या हातातून घेतलं, काकांच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. "नहीं पुसना, काका. दुसरं शोधू."

म्हणून हे पत्रक, आणि आता तुम्ही. होय, तुम्हीच, वाचणारे. घरातले पत्र्याचे डबे, जुनी दप्तरं, माळ्यावरच्या पेट्या उघडा. डावखुरा गोलंदाज, चित्रात त्याच्यामागं आकाशी रंग, भोवती पांढरी पट्टी, असं कार्ड शोधा. फूटपट्टी लावा, लांबी-रुंदी कागदावर लिहा, खाली सही करा आणि कार्डासकट राळेगावला रफिकभाईंच्या दुकानात आणून द्या. एका कार्डाला कंपनी खराब म्हणाली; पन्नासांना म्हणून दाखवू दे. कार्ड कोरं नसलं तरी चालेल. मागं कोणा लेकराचं नाव असेल, तर ते तसंच राहू द्या. पुसून आणलंत, तर आम्ही घेणार नाही.