राहाटपाळण्याच्या खिळीचा वृत्तांत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, आणि सकळांचे पडले-झडले जी मुकाट पोटात घेते त्या धरित्रीसही वंदन करोन, घडले वर्तमान लिहितो. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, चैत्रमास. ते समयी नदीकाठी एक राज्य होते आणि त्या राज्यी अवजारखान्याचे दरोगे निंबाजी पोळेकर म्हणोन होते. घण, हातोडे, पकडी, पहारी, जे काही लोखंड राज्यकामास लागे त्याची राखण त्यांजकडे. मनुष्य इमानी, परंतु चोरांचे भय फार. याकरिता त्यांणी तमाम अवजारांच्या मुठी हिरव्या रंगविल्या, की उघड्यावर काम चालले असता गवतात ठेविले अवजार चोराचे दृष्टीस पडो नये. ही युक्ती महाराजांस बहुत मानली आणि निंबाजींस शेला पावला. मग चोरांस अवजारे दिसेनाशी जाहली आणि निंबाजींसही दिसेनाशी जाहली, परंतु शेला पांघरलेल्या मनुष्याने हे दरबारी सांगावे कैसे? ते रोज कुरणात पायांनी चाचपत फिरत आणि कोणी पुसल्यास, पाय मोकळे करितो, ऐसे म्हणत.

पुढे शेजारच्या राज्याचे वकील बाजी त्रिमल नदीच्या उताराचा, म्हणजे पायी ओलांडावयाच्या जागेचा, तंटा घेऊन आले. उतार आमचा, ऐसे ते म्हणत आणि महाराजही तेच म्हणत, आणि न मिटल्यास लढाई ठरलेली. मग महाराजांचे मनी आले की वकिलांस उंचावरोन आपले राज्य दाखवावे, म्हणजे ते नरम पडतील. याकरिता कुरणात थोर राहाटपाळणा उभारिला. महाराज आणि वकील समोरासमोर बसले, दोहों बाजूंच्या पाळण्यांत राज्यातील झाडून सारे लोहार मानाने बसविले, आणि तळच्या पाळण्यात सेनापती खंडेराव बसले. मग निंबाजींनी स्वहस्ते दांडा फिरविला आणि महाराजांचा पाळणा ऐन माथ्यावर गेला, तो दांड्याची खीळ निसटोन गवतात पडली, दांडा फुका फिरू लागला आणि चाक जागीच अडले.

निंबाजी पायांनी गवत चाचपू लागले. दुसरी खीळ पिशवीत होती, परंतु पिशवीही हिरवी. तेव्हा बाजूच्या पाळण्यातोन एक लोहार बोलला, "दरोगेसाहेब, नवी खीळ घडवा की."

"कोणाकडून घडवू? तुम्ही सगळे वर."

"मग हातोडा तरी वर द्या. इथेच ठोकतो काही."

"हातोडा सापडत असता तर खीळ सापडली नसती काय?" निंबाजी म्हणाले.

लोहारांस उतरा म्हणावे तर त्यांचे उत्तर की पाळण्यात बसावयाचा मान पुन्हा कोण देतो. हातांनी चाक ओढावे तर आस मोडेल, आणि शिडी लावावी तर महाराजांनी भिंत चढोन आलेल्या चोरासारखे उतरणे मर्यादेस सोडोन. मग सेनापती खंडेराव तळीच होते ते उतरले आणि शोधाची मोहीम हाती घेतली. त्यांणी घोडदळ कुरणात घातले, त्याणे जे गवतावर होते ते मातीत गेले. मग गवत कापावयाचा हुकूम जाहला, तो विळेच सापडेनात. इतक्यात महाराजांस वरोन काही चकाकताना दिसले आणि ते बोलले, "डावीकडे." वकील समोर तोंड करोन बसलेले, ते बोलले, "उजवीकडे." आणि महाराज बोलले, "आमच्या राज्यात आमचीच डावी." मग अर्धी फौज इकडे आणि अर्धी तिकडे धावोन परस्परांवर आदळली, आणि दोघांचे शब्दास मान राहिला, खीळ मात्र राहिली गवतात.

ऊन कलले. वकिलांस उंचीचे भय वाटोन त्यांणी डोळे मिटले. निंबाजींस आपला शेला अंगास काट्यासारखा टोचू लागला. त्यांची बायको गोजराबाई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, दोन घोट घ्या. चेहरा किती उतरलाय तुमचा."

"गोजरे, माझ्यापायी लढाई होणार. मीच रंगविल्या ना मुठी."

इतके बोलोन त्यांणी शेला काढोन तिचे हाती दिल्हा, आणि त्यांचे पायांतील बळ सरले आणि ते गवतात पालथे पडले.

सेनापतींस वाटले, दरोगे महाराजांस साष्टांग घालितात. आपण उभे राहिलो तर कसूर ठरेल, म्हणोन तेही पालथे पडले, आणि त्यांचे मागे अवघी फौज पालथी पडली. वरोन महाराजांनी पाहिले आणि वकिलांस हाक दिल्ही. वकिलांनी एक डोळा उघडोन पाहिले, आणि कुरणभर पसरलेली ती पाठच पाठ पाहोन दुसराही उघडिला. ते बोलले, "महाराज, ऐसी निष्ठा ज्या फौजेत, तिजशी आम्हांस लढणे नाही. उतार तुमचा."

आणि खाली निंबाजींचा गाल मातीस लागलेला, कलते ऊन गवताचे बुंध्यांतोन आडवे येत होते, आणि नाकापासोन हातभर दुरी खीळ चकाकत होती. मग डावीकडे एक शिपाई म्हणाला, "हा घण." दुसरा म्हणाला, "इथे पकड आहे." आणि कोणास विळा, कोणास मागील सालचा नाल, आणि सेनापतींस लग्नात हरवलेला अडकित्ता सापडला.

खीळ दांड्यास बसविली, महाराज उतरले आणि निंबाजींस पोटाशी धरोन बोलले, "ऐसी भक्ती आम्ही पाहिली नाही."

निंबाजी म्हणाले, "महाराज, भक्ती नव्हे. पायांत बळ उरले नव्हते."

"आणि विनयही केवढा," ऐसे म्हणोन महाराजांनी दुसरा शेला दिल्हा. निंबाजींनी पुन्हा तोंड उघडिले, परंतु गोजराबाईंनी त्यांचा हात दाबला.

तात्पर्य, उतार राज्यास मिळाला, लढाई टळली, लोहार दुसरे दिवशी आर्जवे करोन उतरविले. त्या दिवसापासोन त्या राज्यी उघड्यावरील काम संपले की सारे जण मावळतीकडे तोंड करोन पालथे पडतात आणि गवतातोन पाहतात. परदेशीचे वाटसरू हे पाहोन, येथील लोक फार देवभोळे, ऐसे आपल्या मुलखी सांगतात. इतके वर्तमान यथाश्रुत लिहिले, वाचणाराने सुखी असावे.