टिंग वाजतं, यादी कोरी!

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. घरातला जुना संगणक, त्याच्यासमोर खुर्चीत ऐटीत बसलेला मी आणि माझ्या खांद्यावरून डोकावणारी माझी नात. अंगात पोहण्याचा पोशाख, डोक्यावर रबरी टोपी! दुपारी तिची शर्यत होती. गावात पोहण्याचे तलाव दोन. शर्यत त्यातल्या कुठल्या तलावावर, हे तिच्या सरांनी मला मेलवर कळवलं होतं. आणि सरांचा फोन बंद!

"आजोबा, चुकीच्या तलावावर गेलो तर?"

"छे! संगणकाला विचारलं की झालं!" मी म्हणालो. जन्मभर मास्तरकी केलेली. प्रश्न विचारण्यात माझा हात कोण धरणार?

मेलच्या यादीच्या वर शोधायची एक लांबट चौकट असते. तिथे एखादा शब्द टाकायचा असतो. मी टाकला अख्खा प्रश्न : 'पोहण्याची शर्यत कोणत्या तलावावर आहे? स्थळ व वेळ यांसह उत्तर लिहा.'

उत्तर? काहीच नाही!

"पेपर अवघड काढलात," बायको म्हणाली.

म्हटलं, आपणच यादी चाळू. 'आलेले' उघडलं. रिकामं! 'पाठवलेले' उघडलं. तेही रिकामं! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. इतक्या वर्षांचे मेल, आणि यादी सुट्टीतल्या शाळेसारखी ओस!

भाच्याला फोन लावला. तो संगणकातला जाणकार.

"मामा, घाबरू नका. इंडेक्स बिघडला असेल. नव्याने बांधा."

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते ना, तशी शब्दांची सूची. तिच्यावरून संगणक शोधतो. बांधायला घेतली. पडद्यावरची पट्टी अशी सरकत होती, की गोगलगायही म्हणाली असती, "बाई गं, जरा चाल!" एकदाची पट्टी भरली. यादी कोरीच!

आता मात्र माझा धीर सुटला. ओळखीच्या झाडून सगळ्यांना मी कळवलं, 'माझे सर्व मेल नाहीसे झाले आहेत. आपण आजवर पाठवलेले कृपया पुन्हा पाठवावेत.'

टिंग! नवा मेल आल्याची घंटी! यादीत मात्र काही नाही. टिंग! टिंग! तरी काही नाही!

"अहो, येतायत आणि गडप होतायत!" बायको भिंतीला टेकली. "हा खातोय की काय? वायर उपटू का?"

"नको! सगळे त्याच्या पोटात आहेत!" मी ओरडलो.

टिंग! टिंग! टिंग!

"आजोबा," नात शांतपणे म्हणाली, "वरच्या चौकटीत तुमचा प्रश्न अजून तसाच आहे."

"असू दे! उत्तर कुठे मिळालंय?"

"अहो, म्हणूनच! तो प्रश्न ज्या मेलमध्ये असेल, तेवढेच मेल संगणक दाखवणार. असला प्रश्न तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

तिने चौकटीच्या टोकाची फुली दाबली. आणि काय सांगू! बांध फुटावा तसे मेल धो धो कोसळले. जुने, नवे, आणि जुनेच पुन्हा नव्याने! त्या पुरात आता सरांचा मेल कसा सापडणार? नातीने चौकटीत एकच शब्द टाकला : 'शर्यत'. सरांचा मेल हजर!

"वाचनालयाजवळचा तलाव! हुश्श!" मी कपाळ पुसलं.

"थांबा, खाली अजून आहे," म्हणून नातीने मोठ्याने वाचलं, "'शेवटच्या फेरीत प्रत्येक मुलासोबत घरातील एक मोठी व्यक्ती पोहेल. आपली तयारी असल्यास कळवावे.' आणि त्याखाली तुमचं उत्तर, आजोबा. 'सर्व मान्य. अवश्य येतो.'"

बायको माझ्याकडे बघतच राहिली. पेपर हातात आला की आधी सगळा वाचावा, असं मुलांना जन्मभर बजावणारा मी! आणि मला तर बादलीतल्या पाण्याचीही भीती वाटते.

मग नातीने काय केलं? ती हसलीसुद्धा नाही. स्टूल ओढून तिने माळ्यावरची आपली लहानपणीची बदकाच्या तोंडाची रबरी ट्यूब काढली, माझ्या पोटाकडे एकदा नीट बघितलं आणि गाल फुगवून तिच्यात हवा भरायला लागली.