टाच काय म्हणती?

टाचेत काटा मोडलाय असं समजून मी न्हाव्याकडून डावी टाच कोरून घेतली. काटा नव्हताच. जखम मात्र झाली, आणि वर्गात मी बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून भूगोल शिकवू लागलो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शहापुरात मल्लाप्पा विणकरांच्या, म्हणजे आप्पांच्या, घरी पुढच्या सोप्यात मी भाड्यानं राहायचो. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणाऱ्याचे डोळे जमिनीलगत असतात. चाळीस वर्षं तसं बसून आप्पा अख्खी गल्ली पायांवरून ओळखायचे. तोंडाकडं बघायचेच नाहीत. "बरं हाय न्हवं?" असं लोक विचारतात, हे विचारायचे, "टाच काय म्हणती?"

माझी टाच पाहून म्हणाले, "उठल्यावरची पैली पावलं जीव घेत्यात, मग जरा सैल पडतंय. व्हय?"

"व्हय."

"मग काटा कुठला? तळव्याची शीर ताणलीया. न्हाव्याला काय कळतंय, आन् तुमाला तरी."

इलाज साधा होता. अंथरुणातच पंज्याला पंचा अडकवून तो आपल्याकडं ओढायचा. तळव्याखाली लाटणं फिरवायचं. जखम भरली की तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची. अट मात्र चमत्कारिक होती. "विहिरीकडं जाताना पैली धा पावलं माज्या मागापुढनं टाकायची. मी ऐकणार."

मागाच्या खोलीत दोन खड्डे. दुसरा बायको गेल्यापासून रिकामा. पण त्यातल्या पावडीला, पायानं दाबायच्या फळीला, आप्पा दर सोमवारी तेल घालायचे. रोज पहाटे ते डोळे मिटून बसायचे आणि मी चालायचो: एक पाऊल पुरं, एक अर्धं. प्रत्येक अर्ध्या पावलाला रिकाम्या खड्ड्यातली पावडी कर्र करून दबायची. जमीन हलत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. एकदा मोजून दहा पावलांवर थांबलो.

अकरावं पाऊल वाजलं.

"आप्पा, कोण आहे?"

"आमची गंगव्वा. तिची बी टाच दुखायची. मी म्हणायचो, काम चुकवाय सोंग करतीस." ते बराच वेळ मागाच्या दोऱ्यांवरून हात फिरवत राहिले. "ह्यो इलाज कणकुंबीच्या वैदूनं सांगितला. ती गेल्यावर. तुमी लंगडताय तंवर ती संगट चालती."

त्या दिवशी मी शाळेत तासभर आधीच जाऊन बसलो. पण पहाटेचं चालणं काही सोडलं नाही.

दोन महिन्यांनी टाच बरी झाली. मी सरळ, ताठ चालत गेलो. पावडी गप्प. आप्पांनी डोळे उघडले. "बरं झालं," म्हणाले. दिवसभर त्यांनी मागावरचा धोटा उचलला नाही, की कुणाला टाच विचारली नाही.

दुसऱ्या पहाटे मी झकास लंगडत निघालो. मधूनमधून "आई गं" सुद्धा म्हणालो. रिकाम्या खड्ड्यात पावडी वाजली.

आप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "मास्तर, दुखत हुती डावी. उजवी कशाला वडताय? ती हसाय लागलीया."