बिबट्या पाण्यावर कधी येतो?

एका जंगलात, बालमित्रांनो, एक विद्यापीठ होतं. हसू नका, आजकाल कुठेही असतं.

तिथे उल्का नावाची ससुली पदव्युत्तर वर्गात शिकत होती. विषय मोठा भारदस्त. जे नक्की सांगता येत नाही ते गणितात मांडायचं आणि संगणकावर खोटं खोटं घडवून पाहायचं. म्हणजे तुमची भातुकलीच, फक्त हिला पदवी मिळते.

उन्हाळा कडक होता आणि जंगलात एकच डोह उरला होता. उल्काची आई आणि भावंडं जीव मुठीत धरून जायची, घोटभर पाणी पिऊन पळत सुटायची.

"एवढी शिकतेस ना," आई म्हणाली, "मग सांग की, बिबट्या पाण्यावर कधी येतो ते!"

उल्काने तोच विषय प्रबंधाला घेतला. संगणकात डोह मांडला, ऊन मांडलं, बिबट्याची भूक मांडली. बाकी सगळं फाशांवर सोडलं. मग हा खेळ हजार वेळा चालवला. हजारच्या हजार वेळा बिबट्या भर दुपारी आला. संध्याकाळी एकदासुद्धा नाही.

तिचे मार्गदर्शक साळिंदरसर हरखून गेले. त्यांच्या अंगावरचे काटे उभे राहिले, म्हणजे होतेच, पण आणखी राहिले. "अगं, इतकी एकवाक्यता मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही! डोळे मिटून सादर कर."

तिने केला. सरांनीही डोळे मिटूनच सही केली. डोहावर पाटी लागली, 'संध्याकाळी निर्धास्त यावे.' प्रबंध तपासायला बाहेरच्या परीक्षकांकडे गेला.

तोंडी परीक्षेची तयारी करताना मात्र उल्काला एक भलतीच गोष्ट दिसली. संगणकाचा फासा खरा नसतो, मुलांनो. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो. आकडा तोच दिला, की दानंही तीच पडतात. आणि उल्का दर वेळी तोच आकडा देत आली होती. तिने हजार दिवस पाहिलेच नव्हते. एकच दिवस हजार वेळा पाहिला होता.

ती धावत सरांकडे गेली. "सर, चूक झाली!"

"प्रबंधात कुठे आहे?"

"सगळीकडे!"

"सगळीकडे असेल तर तिला पद्धत म्हणतात. शेवटी 'पुढील संशोधनाची दिशा' असते ना, तिथे टाकून दे."

"सर, माझी आई संध्याकाळी पाण्यावर जाते!"

"एकटीच ना? एकीवरून निष्कर्ष काढता येत नाही."

उल्का तशीच डोहाकडे सुटली. सूर्य बुडायला आला होता. आई आणि भावंडं पाण्यात तोंड घालून मनसोक्त पीत होती. आणि चार हातांच्या अंतरावर, जांभळाखाली, बिबट्या पडला होता! डोळे लाल, जीभ बाहेर. पंजाखाली तिचाच प्रबंध.

उल्का झुडपाआड दबली.

"ये ये," बिबट्या म्हणाला. "तुझा परीक्षक मीच. बिबट्यांतला जाणकार म्हणून विद्यापीठाने मलाच नेमलं. वाचून थक्क झालो बघ! इतकी वर्षं मी आपला अडाण्यासारखा संध्याकाळी यायचो. आता रोज टळटळीत दुपारी येतो. कोणी भेटत नाही, पण शास्त्र आहे."

"पण सर," उल्का चाचरत म्हणाली, "आता तर संध्याकाळ आहे."

"मी आता आलेलो नाही. दुपारचाच आहे. उन्हाने उठवत नाही." त्याने हळूच तिच्या आईकडे पाहिलं आणि आवंढा गिळला. "एक विचारू? प्रबंधात कुठे चूक तर नाही ना?"

उल्का खरं सांगायलाच एवढी धावत आली होती. स्वभावाने फार प्रामाणिक मुलगी. तिने आईकडे पाहिलं. आईच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. कितीतरी दिवसांनी ती घोटभरावर न थांबता पुन्हा पीत होती.

"नाही, सर," उल्का म्हणाली.

"वाटलंच मला," बिबट्या म्हणाला आणि त्याने भुकेल्या पोटी पहिला वर्ग दिला.

तात्पर्य: निष्कर्ष चुकला म्हणून घाबरू नये. ज्याच्याविषयी काढला तो शिकलेला आहे ना, तेवढं आधी पाहून घ्यावं.