मोतीबाईंची गुणसूत्रं

सोयरीक करताना माणूस मोजून घ्यावा लागतो, ही गोष्ट सर्वमान्य आहे. उंची, पगार, रंग, गुंठे ही मापं आता जुनी झाली. त्यांत फसवाफसवी होते (विशेषतः उंचीत). म्हणून हे काम शेवटी शास्त्राकडे गेलं, आणि बदलापुरात ते मोतीबाईंमुळे गेलं, याची नोंद व्हावी.

त्यांची नात विनिता उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिला लग्न करायचं होतं तिथल्याच कॅम्प एकमधल्या राजरत्नशी. तो अंबरनाथच्या कारखान्यात मालाची क्वालिटी तपासतो. घरातले सगळे 'आजी म्हणेल तसं' म्हणून मोकळे झाले होते आणि आजी काहीच म्हणत नव्हती. अशा नाजूक काळात विनिताने प्रोजेक्टचा तक्ता भिंतीला लावला. घोड्याची गुणसूत्रं चौसष्ट, गाढवाची बासष्ट, दोघांच्या पोटच्या खेचराची त्रेसष्ट. त्रेसष्टांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचराला सहसा पिल्लू होत नाही.

मोतीबाईंनी शाळा दुसरीत सोडलेली, तरी तक्ता त्यांना एका दमात समजला (शिकलेल्यांना वेळ लागतो).

"बघ," त्या म्हणाल्या, "मी बोलले असते तर जुनाट झाले असते. आता तुजी भिंतच बोलते."

"आजी, माणसांची सगळ्यांची सेहेचाळीसच असतात."

"सगल्यांची? तू मोजलीस?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकवाला आपल्या घरी कवा आलता?"

पुस्तकवाला कधी आलेला नव्हता. तेव्हा दोन्ही घरांचं रक्त तपासायचं ठरलं. आकडे जुळले तर लग्न, नाही तर विषय बंद, असा शब्द मोतीबाईंनी देवासमोर दिला. त्या निर्धास्त होत्या. माहेरी दारात घोडी बांधलेली असायची, तेव्हा चौसष्टच्या खाली येण्याचा प्रश्नच नव्हता.

लॅबमध्ये त्या नथ घालून गेल्या. "माजी बाटली आधी भर," त्यांनी नर्सला बजावलं, "नि त्यांच्या बाजूला ठेवू नको."

पलीकडच्या खुर्चीवर राजरत्नची आजी, अंजनाबाई, बाही वर करून बसल्या होत्या. "त्यांची कमी निघाली तरी चालतील हो," त्या नर्सला म्हणाल्या, मोतीबाईंना ऐकू जाईल इतपत हळू. "आमच्यात कमी-जास्त बघत नाहीत."

एकवीस दिवसांनी रिपोर्ट आले. सगळ्यांची सेहेचाळीस.

मोतीबाईंनी चूक तत्काळ पकडली. चौसष्टचा आकडा उलटा छापला होता. रिपोर्ट परत गेला. लॅबने लेखी कळवलं, की सदर आकडा सरळच आहे. रिपोर्ट पुन्हा गेला. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त यावेळी शिक्का मोठा होता.

एवढ्यात अंबरनाथहून धाकट्या जावेचा, गोदूचा, मेसेज आला. हळदीत आधी ओवाळायचं कोणी, या प्रश्नावरून दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. थोरलीची तपासणी झाल्याचं ऐकून गोदूनेही रक्त दिलं होतं. विनिताने वाचून दाखवलं. सेहेचाळीस.

मोतीबाईंनी तक्त्यातल्या घोड्यावर बोट ठेवलं. राजरत्नची बरोबरी त्यांनी एक वेळ पचवलीही असती.

"गोदू नि मी सारक्या?"

"हो आजी."

"शिक्का हाय?"

"आहे."

"मंग आता अजून काय बिघडायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "करा लगीन."

पत्रिकेवर आडनावं छापायची नाहीत, असं विनिता आणि राजरत्नने ठरवलं. पाहुण्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, उजेडात धरली, शेवटी फोन करून विचारलं. मागासलेपण म्हणतात ते हेच.

वाचकहो, आपलं मात्र कौतुक आहे. या कथेतही आडनाव एक काय, अर्धंही दिलेलं नाही. तरी कोण कुणातलं, हे आपण दुसऱ्या परिच्छेदातच ठरवून टाकलंत, आणि तेही रक्ताचा थेंब न घेता. लॅबला एकवीस दिवस लागले होते.