पाचशे पापड आणि एक मंद पायरी

लीलाधर सरांना सुट्टी असली की घरात कुणालाच सुट्टी नसे. त्या रविवारी पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी पाच बायका उडदाचे पापड लाटत बसल्या होत्या. धुळ्याला दिलेल्या शीतलचं दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण. तिला सध्या आईच्या पापडांशिवाय काही गोड लागत नव्हतं, म्हणून पुष्पाबाईंनी पाचशे पापडांचा शब्द देऊन ठेवला होता. गच्चीवरचं ऊन चारला जायचं आणि अकरा वाजले तरी दीडशेच झाले होते.

तीस वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवलेला माणूस हे बघून गप्प कसा बसेल? सर मोबाइलमधलं घड्याळ लावून उभे राहिले.

"पुष्पा, अभिक्रिया कितीही पायऱ्यांची असू दे, तिचा वेग सगळ्यात मंद पायरीवर ठरतो. ती शोधली पाहिजे."

"शोधा. पण पिठाला हात लावू नका."

सरांनी आधी पिठालाच हात लावला. दोरा घेऊन दहा मिनिटांत शंभर लाट्या कापून टाकल्या. पापडांचा वेग होता तितकाच राहिला. लाट्या मात्र ताटात सुकून चिरल्या आणि पुन्हा कुटाव्या लागल्या.

"म्हणजे मंद पायरी ही नव्हे," सर खुशीत म्हणाले. पुष्पाबाईंनी लाटणं जरा जोरात आपटलं.

तेवढ्यात शेजारच्या चमेलीबाईंनी जावयाच्या नव्या गाडीची हकिकत काढली. गाडी शोरूममधून निघून थेट गोठ्यात शिरली, तिथे पाचही लाटणी थांबली.

"सापडली," सर म्हणाले. "आता बोलणं बंद."

चमेलीबाईंनी पदर सारखा केला. "सरनी सांगेल शे. आते कोन्ही बोलानं नही."

खोली शांत झाली. शांततेत एकीला मनगट दुखतंय हे कळलं. दुसरीला गॅसवरचं दूध आठवलं, ती घरी गेली. तिसरीने जांभई दिली, ती सगळ्यांना लागली. पाच मिनिटांत पाच पापड होत होते, त्याचे दोन झाले. सरांनी कपाळावर हात मारला. समीकरणात दिसत नाही, वापरून संपत नाही, पण नसला तर काम रेंगाळतं, असा उत्प्रेरक ते दरवर्षी फळ्यावर शिकवत. आज गप्पा बंद करून त्यांनी तोच घराबाहेर काढला होता.

"बोला हो आता."

"काय बोलानं? आठवत नही," चमेलीबाई म्हणाल्या. त्या रुसल्या होत्या.

पुष्पाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "पोर वाट बघत असेल," त्या हळूच म्हणाल्या. सर मांडी घालून जमिनीवर बसले.

"मीच सांगतो. पहूरला हिला बघून आलो. आमच्या नानांनी त्याच दिवशी होकाराचं पत्र लिहिलं आणि मला पेटीत टाकायला दिलं."

"मंग?" चमेलीबाईंचं लाटणं फिरू लागलं.

"मी टाकलंच नाही. ही इतकी हुशार, तिकडून नकार आला तर? पत्र गेलं नाही तर नकारही येणार नाही. रोज पेटीपर्यंत जायचो आणि परत यायचो. असे तीन महिने."

"मंग काय व्हयनं, सर?"

"रद्दी काढताना माझ्या वहीत आईला सापडलं. तिनंच टाकलं."

बायका हसून हसून लोळल्या, पण तीन लाटणी थांबली नाहीत. थांबलं ते फक्त पुष्पाबाईंचं.

"तीन महिने तुम्ही पत्रिका जुळवत होतात ना?" त्या म्हणाल्या. "आणि आमचे आबा तिकडे चाळीसगावच्या स्थळाला होकार कळवायला निघाले होते. मीच पोट दुखतंय म्हणून चार दिवस अडवलं, तेवढ्यात तुमचं पत्र आलं."

तीस वर्षांत हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं.

साडेतीनला चारशे नव्व्याण्णव पापड गच्चीवर होते आणि ताटात एक लाटी उरली होती. पुष्पाबाईंनी ती तेलात बुडवली आणि सरांच्या हातावर ठेवली.

"खा पटकन," त्या म्हणाल्या. "हिला तरी तीन महिने लावू नका."