निळ्या गाडीचे दाजी

माझ्या ताईच्या लग्नात वंदना चालू होती. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला छोटासा हॉल, माणसं दाटीवाटीनं बसलेली, बौद्धाचार्य म्हणतील ते आम्ही हात जोडून मागोमाग म्हणत होतो. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. नवरदेवानं मिटलेले डोळे उघडले, मान जराशी तिरकी केली आणि शेजारच्या मित्राला सांगितलं,

"इंजिनचे टॅपेट वाजतायत."

सांगितलं हळूच, पण समोर माइक होता. बौद्धाचार्य थांबले. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. सगळा हॉल खिडकीबाहेर बघायला लागला. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मुलगा बरा आहे ना गं?"

मुलगा बरा होता. पुढची पस्तीसेक वर्षं मी त्या मुलाला दाजी म्हणत आले.

सुधाकर गायकवाड, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून. गाड्यांशी कामाचा काही संबंध नाही. पण दाजींसमोरून गाडी गेली आणि त्यांनी काही सांगितलं नाही, असं कधी झालं नाही. गंमत म्हणजे ते सांगायचे ते बहुतेक वेळा चुकायचं. त्यांनी टॅपेट म्हटलं की पट्टा निघायचा, पट्टा म्हटलं की सायलेन्सर. त्यानं त्यांचं काही बिघडत नसे. "आजार दोन असतील तर डॉक्टरला एकच ऐकू येतो," म्हणायचे.

माणसांच्या बाबतीतही भाषा तीच. वय विचारायचे नाहीत, मॉडेल विचारायचे. माझे बाबा सकाळी बिडी ओढून खोकायला लागले की हे शेजारी बसून गंभीरपणे सांगायचे, "बाबा, तुम्ही चोक जास्त ओढता." बाबांना पहिल्या वर्षी राग आला. दुसऱ्या वर्षापासून तेच विचारायला लागले, "जावईबापू, आज इंजिन कसं वाटतंय?"

नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर त्यांनी गाडी घेतली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी असायच्या ना, त्याच बनावटीची, पण फिकट निळी आणि तेव्हाच म्हातारी. ताईच्या जुन्या साड्या जोडून गाडीसाठी अभ्रा शिवला होता. बदलापूरला शिरगावात त्यांनी फ्लॅट घेतला तोसुद्धा आधी पार्किंग बघून. स्वयंपाकघर ताईनं ताबा घेताना पहिल्यांदा पाहिलं.

गाडीत बसायचे नियम होते. दार आपटायचं नाही, मिटवायचं. आत भेळ नाही. चढ आला की बोलायचं नाही, "तिला दम लागतो." मलंगगडाकडच्या रस्त्यावर आम्ही पाच माणसं तोंड मिटून बसायचो आणि शेजारून सायकलवाले पुढे निघून जायचे.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. बघायला आलेल्या मुलाचं शिक्षण, पगार, घर वडीलधाऱ्यांनी विचारून झालं. मग दाजींनी खिशातून किल्ली काढून मुलासमोर धरली. "गल्लीतून गाडी मागे घेऊन दाखवा."

आमची गल्ली कॅम्प चारमधली. एका बाजूला जीन्स शिवायचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला गटार, मध्ये उरलं त्याला रस्ता म्हणायचं. मुलगा घामाघूम झाला. त्यानं गाडी मागे घेतली आणि समोरच्या काकूंची तुळशीची कुंडी फोडली. तो खाली उतरला, दाजींकडे बघितलंच नाही, तडक काकूंकडे गेला आणि म्हणाला, "काकू, रोप जगेल. मी लगेच दुसरी कुंडी आणतो." आणि खरंच आणायला गेला.

"हा चालेल," दाजी म्हणाले.

"अहो, गाडी ठोकली त्यानं!" आई.

"गाडी शिकता येते."

त्या मुलाला अजून मागे घेता येत नाही. बाकी तक्रार नाही.

दाजींचे शाळेपासूनचे दोन मित्र. एक हरेशभाऊ, सिंधी, कॅम्प चारमध्ये स्पेअरपार्टचं दुकान. दुसरा पंढरी, बदलापूर गावातला शेतकरी. भात लावायचा, त्यातली बरीचशी जमीन आता बिल्डिंगांखाली गेली. तिघांचा रविवार ठरलेला होता. दाजींची गाडी नेमकी रविवारी सकाळी बंद पडायची. हरेशभाऊ हत्यारांची पिशवी घेऊन यायचे, पंढरी पावट्याच्या शेंगा नाहीतर भेंडी घेऊन यायचा आणि बॉनेटमध्ये डोकावून दर वेळी एकच वाक्य बोलायचा, "मना तं काय दिसत नाय." ताई तिघांना पोहे द्यायची. दुपारी जेवायच्या वेळेला गाडी सुरू व्हायची.

एका शनिवारी संध्याकाळी मी ताईकडे गेले तर दाजी बॉनेट उघडून पान्यानं काहीतरी सैल करत होते.

"दाजी, काय बिघडलं?"

"अजून काही नाही. उद्या बिघडेल."

त्यांनी बॅटरीची वायर सैल केली, फडक्यानं हात पुसले आणि जरा ओशाळून म्हणाले, "हरेशची बायको गेली तेव्हा तो दुकानात जाईना, घराबाहेर पडेना. मी म्हटलं, बसायला ये. नाही आला. चार वेळा बोलावलं, नाही आला. मग म्हटलं, गाडी बंद पडलीय, तर अर्ध्या तासात हजर. आता काय करणार? तिला बंद पडायलाच लागतं."

"आणि त्यांना कळलं तर?"

"नाही कळत. मी फार सफाईनं करतो."

ज्या माणसानं जन्मभर स्पेअरपार्ट विकले त्याला सैल वायर दिसत नसेल? त्या रविवारी मी मुद्दाम थांबले. हरेशभाऊंनी बॉनेट उघडलं, वायरकडे एकदा पाहिलं आणि दाजींना गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साईं, कार्बोरेटर खोलना पडेगा." कार्बोरेटर खोलला. मग प्लग काढले, घासले, परत लावले. मध्ये दोनदा चहा झाला. ताईनं जेवायची पानं घेतली तशी हरेशभाऊंनी पिशवीतून पाना काढला, वायर घट्ट केली आणि म्हणाले, "अब देखो." दाजी आमच्याकडे विजयी मुद्रेनं बघत होते.

गेल्या हिवाळ्यात दाजी गेले. चार दिवस ताप, मग न्यूमोनिया, आणि दवाखान्यातच गेले.

अंत्ययात्रेच्या वेळी शववाहिनी सुरू होईना. ड्रायव्हर किल्ली फिरवतोय आणि आतून नुसती घरघर. जमलेली सगळी माणसं हळूहळू हरेशभाऊंकडे बघायला लागली. ते पुढे झाले, बॉनेट उघडलं आणि काम करता करता रडायला लागले. हात काळे झालेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात. पंढरीनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्यांचं काम संपेपर्यंत शेजारी उभा राहून तो त्यांचे डोळे पुसत होता.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. माझी भाची पुण्याला असते. ती म्हणाली, "आई, तू चल माझ्याकडे. गाडी देऊन टाकू." ताईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हरेशभाऊंनी चांगलं गिऱ्हाईक शोधलं, लग्नाच्या वरातींना सजवलेल्या गाड्या पुरवणारा माणूस. एका सकाळी त्याला घेऊन दोघं मित्र आले. मीही होते. त्या माणसानं गाडीला फेरी मारली, त्याला ती आवडली.

ताईनं साड्यांचा अभ्रा काढून घडी केला. मग आतलं काही राहिलं का बघायला ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून ती आत बसली. बसली ती उतरेना.

"ताई?" मी म्हटलं.

ती माझ्याशी नाही, हरेशभाऊंशी बोलली. "गाडी गेल्यावर तुम्ही दोघं याल का हो?"

"भाभी, हम तो ऐसे भी आएंगे."

"असं कोणी येत नाही, हरेशभाऊ." तिनं स्टिअरिंगवर हात ठेवला. मग विचारलं, "ह्यातला क्लच कुठला?"

हरेशभाऊ गिऱ्हाइकाकडे वळले. "माफ करना भाई, गाडी बेचनी नहीं है."

पासष्टीला आलेल्या ताईनं लर्निंग लायसन्स काढलं. बिल्डिंगमागे मोकळा प्लॉट आहे, तिथे शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी हरेशभाऊ तिच्या शेजारी, पंढरी पुढचे दगड उचलत, आणि मी मागे, डाव्या खिडकीशी. ती जागा ताईची. पुढे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून दाजींच्या गाडीत ती कायम तिथेच बसली, बाहेर बघत.

गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा हळूच सरकली. पंढरी बाजूनं चालत ओरडत होता, "येऊंद्या वैनी, येऊंद्या!"

"भाभी, शीशा देखो, पीछे देखो," हरेशभाऊ म्हणाले.

ताईनं वर आरशात पाहिलं आणि ब्रेक दाबला.

"ह्यात रस्ता दिसत नाही," ती म्हणाली. "ही दिसते."

आरशात तिचे डोळे थेट माझ्यावर होते.

"साईं का काम है," हरेशभाऊ कुरकुरले. "कितने साल बोला मैंने, शीशा सीधा रख, पीछे की गाडी नहीं दिखती. मैं सीधा करता था, वो फिर घुमा देता था. पता नहीं क्या देखता था." बोलता बोलता त्यांनी मागे वळून माझ्याकडे, मी बसले होते त्या जागेकडे पाहिलं. आरसा सरळ करायला वर नेलेला हात त्यांनी खाली घेतला.

ताई बराच वेळ आरशात बघत होती. इंजिन चालूच होतं.

"मला कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. "मी आपली सगळा वेळ बाहेर बघायची."

पंढरी खिडकीशी आला. "काय झाला? परत बंद परली?"

"नाही," ताई म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि क्लच दाबला. "हरेशभाऊ, आजच्या दिवस आरसा असाच राहू दे. मागून कोणी येत नाहीये. पुढे पंढरीभाऊ बघतील."